मांजराच्या पिसवा आणि त्यांवरील औषधांची निवड

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे तहसिलीचे गाव आहे. भोवतालचा प्रदेश शेतीचा. गहू, धान आणि वाटाणा ही तिकडची नेहमीची पिके. जेथे धान्य साठते तेथे उंदीर येतात, आणि जेथे उंदीर येतात तेथे मांजरालाही घरात जागा मिळते. अशा गावातील शेतकऱ्याच्या घरी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि मांजर ही सारी एकाच अंगणात वावरत असतात. त्यामुळे एकाच्या अंगावरचे कीटक दुसऱ्याच्या अंगावर जाणे जसे सोपे, तसेच एकासाठी आणलेले औषध दुसऱ्यावर वापरले जाणेही सोपे. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली कीटकनाशकाची बाटली गोठ्याच्या फळीवर ठेवलेली असते. मांजर सारखे अंग खाजवताना दिसले की तिच्यातील चार थेंब त्याच्याही अंगावर चोळावेत, असे मनात येणे स्वाभाविक आहे. गाईला जे सोसले ते मांजराला का सोसू नये, असा त्यामागील तर्क असतो. हा तर्क चुकीचा आहे आणि त्यापायी अनेकदा मांजराचा जीव जातो.

पिसू मरते की नाही, एवढेच पाहून औषध निवडता येत नाही. ज्या प्राण्याच्या अंगावर ते लावावयाचे, त्या प्राण्याचे शरीर ते पचवू शकते किंवा नाही, हे त्याआधी पाहावे लागते. ही गोष्ट नीट कळण्यासाठी प्रथम पिसवेचे जीवन आणि नंतर मांजराच्या शरीराचा एक विशेष यांची ओळख करून घेऊ.

पिसवेचे जीवन

मांजराच्या अंगावर आढळणाऱ्या पिसवेचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडीस फेलिस असे आहे. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावरही तितक्याच सुखाने राहते. भारतात तिच्या जवळच्या नात्यातील टेनोसेफॅलिडीस ओरिएंटिस ही जात कुत्र्यांवर आणि शेळ्यामेंढ्यांवरही आढळते. तेव्हा अंगणातील शेळी आणि ओसरीवरील मांजर यांचा पिसवांच्या दृष्टीने अगदीच संबंध नाही, असे समजू नये.

पूर्ण वाढलेली पिसू सुमारे दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. तिला पंख नसतात. तिचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते, म्हणून दाट केसांतून ती सहज पुढे सरकते. अंगावरील राठ केस मागे वळलेले असल्यामुळे तिला ओढून काढणे मात्र कठीण जाते. तिच्या मागील पायांच्या बुडाशी रेझिलिन नावाचे रबरासारखे लवचिक प्रथिन असते. ते दाबून ठेवलेल्या कमानीप्रमाणे एकदम सुटते आणि पिसू उडी घेते. मांजराची पिसू एका उडीत साधारणपणे वीस सेंटिमीटर अंतर तोडते. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सत्तर-ऐंशी पटींहून अधिक.

मांजराच्या अंगावर येताच काही मिनिटांतच पिसू रक्त पिऊ लागते. मादी दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरापट रक्त पिते, आणि एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते. भरात असलेली मादी दिवसाला चाळीस ते पन्नास अंडी घालते. ही अंडी पांढरी, गुळगुळीत आणि अर्ध्या मिलिमीटरएवढी असतात. ती केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जेथे बसते, झोपते किंवा अंग झाडते तेथे ती गळून पडतात.

अंड्यातून बाहेर पडणारी अळी आंधळी असते. तिला उजेड नको असतो, म्हणून ती जमिनीच्या भेगांत, चटईखाली, पोत्यांच्या मागे, गोधडीच्या घड्यांत शिरते. तिचे मुख्य खाद्य म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा. या विष्ठेत न पचलेले वाळलेले रक्त असते आणि तीही अंड्यांबरोबरच मांजराच्या अंगावरून खाली पडत असते. अशा रीतीने आईबाप वर मांजराचे रक्त पितात आणि त्याचाच वाटा खाली मुलांना पोहोचवितात. पुढे अळी आपल्या भोवती रेशमासारखा चिकट कोश विणते. त्यावर धूळ आणि माती बसते, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि कीटकनाशकही त्यात सहसा शिरत नाही.

उबदार आणि दमट हवेत हा सारा जीवनक्रम दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. परंतु कोशात तयार झालेली पिसू लगेच बाहेर आलीच पाहिजे असे नाही. ती चार-पाच महिनेही आत स्वस्थ राहू शकते. जवळून कोणी चालल्याचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली किंवा श्वासातील कर्बद्विप्राणिद वायू पोहोचला की ती क्षणात बाहेर पडते. पुष्कळ दिवस बंद असलेले घर उघडताच पायांवर पिसवांचा हल्ला होतो, त्याचे कारण हेच.

हवामानाचा परिणाम अळीवर सर्वांत अधिक होतो. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांहून बरीच खाली गेली, किंवा तापमान पस्तीस अंशांच्या वर राहिले, तर अळ्या टिकत नाहीत. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हा उघड्या अंगणात पिसवांची वाढ खुंटते. पण घरात, माठाच्या ओलाव्याजवळ किंवा धान्याच्या कणगीमागे, त्यांना आसरा मिळतो. पावसाळा सुरू झाला की हवा त्यांना अनुकूल होते आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

पिसू राहते कोठे?

एखाद्या घरातील सर्व अवस्थांतील पिसवांचा हिशेब केला, तर साधारणपणे निम्मा भाग अंड्यांचा, सुमारे पस्तीस टक्के अळ्यांचा, दहा टक्के कोशांचा आणि केवळ पाच टक्के पूर्ण वाढलेल्या पिसवांचा असतो, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मांजराच्या अंगावर आपल्याला जे दिसते तो एकूण उपद्रवाचा विसावा हिस्सा होय. उरलेले एकोणीस हिस्से घरात असतात.

घर हेही पिसवांचे ठाणे असते, हे सत्य मुंबईत एका फार मोठ्या संकटाच्या काळात प्रत्ययास आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये प्रतिपादन केले; पण ते पुष्कळांना पटले नाही. पुढे १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळ येथील प्रयोगशाळेत या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते तीच ही प्रयोगशाळा. तेथील संशोधक प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडीत. थोड्या वेळाने त्यांच्या अंगावर घरातील पिसवा जमत आणि त्या गोळा करता येत. जमिनीवर ठेवलेल्या गिनिपिगांना प्लेगची लागण होई. पिसवेची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, दोन फुटांवर, टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनिपिग मात्र वाचत. हवा दोघांनाही तीच होती. फरक होता तो जमिनीवरील पिसवांचा.

ती पिसू उंदरांवरील होती आणि तिची जात वेगळी. मांजराच्या पिसवेला प्लेगची मुख्य वाहक मानीत नाहीत. तरी त्या प्रयोगांचा धडा येथेही लागू पडतो: केवळ प्राण्याकडे पाहून भागत नाही, त्याच्या पायांखालची जमीनही पाहावी लागते.

मांजराला होणारा उपद्रव

थोड्याशा पिसवांनी धडधाकट मांजराचे फारसे बिघडत नाही, असे वाटते. परंतु काही मांजरांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते. एक-दोन दंशांनीही त्यांच्या मानेवर आणि पाठीवर बारीक खपल्या धरतात, केस गळतात आणि चाटून चाटून कातडी सोलवटते. लहान पिलांच्या बाबतीत धोका याहून मोठा असतो. शेकडो पिसवा रोज रक्त पिऊ लागल्या की काही आठवड्यांच्या पिलाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, ते मलूल होते आणि रक्तक्षयाने दगावू शकते.

पिसवेच्या पोटातून एक फीतकृमीही मांजराच्या पोटात जातो. त्याची अंडी पिसवेची अळी खाते. पुढे अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते या कृमीचे होत. लहान मुलाने चुकून अशी पिसू गिळल्यास त्यालाही हा कृमी होऊ शकतो. याशिवाय बार्टोनेला नावाच्या जंतूंचा प्रसार पिसवांच्या विष्ठेतून होतो. ती विष्ठा नखांत अडकलेल्या मांजराने बोचकारले, तर माणसाला ताप येऊन काखेत किंवा मानेत गाठी येतात. म्हणून मांजराच्या पिसवा हा केवळ मांजराचा प्रश्न नव्हे.

पिसवा आहेत हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. बारीक दातांच्या फणीने मांजराचे केस विंचरावेत आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे वाळलेले रक्त होय. न पसरला तर ती साधी माती. मांजर स्वतःच पुष्कळ पिसवा चाटून गिळते, त्यामुळे प्रत्यक्ष पिसू दिसली नाही तरी ही परीक्षा उपयोगी पडते. शाळेतील विद्यार्थ्यांनाही ती सहज करून पाहता येईल. नंतर हात मात्र साबणाने धुवावेत.

मांजराचे यकृत

आता औषधांकडे वळू. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या वनस्पतीच्या फुलांचे चूर्ण कीटकांना मारते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. फुलांतील ही द्रव्ये उन्हात लवकर नाश पावतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी तशाच रचनेची, पण टिकाऊ द्रव्ये बनविली. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये परमेथ्रिन आणि त्यानंतर डेल्टामेथ्रिन तयार केले. सायपरमेथ्रिन हेही त्याच वर्गातले. गोचिडांवरील औषधांत, पिकांवरील फवाऱ्यांत, झुरळांसाठी ओढावयाच्या खडूत आणि कुत्र्यांच्या पिसवांवरील काही औषधांत ही द्रव्ये असतात.

ती कीटकाच्या मज्जातंतूंवर आघात करतात. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियमचे कण आत शिरण्यासाठी सूक्ष्म द्वारे उघडतात आणि लगेच मिटतात. या द्रव्यांमुळे ती द्वारे उघडीच राहतात. संदेश थांबतच नाही. कीटक थरथर कापतो, लुळा पडतो आणि मरतो. अशीच द्वारे गाईच्या, कुत्र्याच्या आणि माणसाच्याही मज्जातंतूंत असतात. मग ते का वाचतात? एक कारण असे की सस्तन प्राण्यांची द्वारे या द्रव्यांना तितकीशी दाद देत नाहीत. दुसरे असे की त्यांचे यकृत ती त्वरेने मोडते आणि शरीराबाहेर टाकण्याजोगी करते.

मांजराचा दुबळेपणा या दुसऱ्या कामात आहे. अनेक परकी द्रव्ये बाहेर घालविण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते. त्यामुळे ती पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. हे जोडकाम विशिष्ट विकर करतात. मांजराच्या शरीरात यांपैकी काही विकर अत्यल्प असतात. त्यांतील एका महत्त्वाच्या विकराचे जनुकच मार्जारकुलात बिघडलेले, निरुपयोगी झालेले आहे, असे अमेरिकेतील कोर्ट आणि ग्रीनब्लाट या संशोधकांनी २००० मध्ये दाखविले. मांजर हा केवळ मांसावर जगणारा प्राणी. वनस्पतींतील नाना विषारी द्रव्ये पचविण्याची गरज त्याच्या पूर्वजांना फारशी पडली नाही; म्हणून ती शक्ती पिढ्यान्‌पिढ्या लोपत गेली असावी. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच उणिवेमुळे.

कुत्र्याच्या मानेवर टाकावयाच्या काही औषधांत परमेथ्रिनचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असते. असे औषध मांजराच्या अंगावर पडले की काही तासांत त्याचे कान आणि पाय फडफडू लागतात, तोंडाला लाळ सुटते, सर्वांग कापते आणि झटके येतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर ते मरते. गुरांसाठीचे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन हे पाण्यात मिसळून वापरावयाचे दाट द्रावण असते. ते तीनशे किलो वजनाच्या गाईच्या हिशेबाने बनविलेले. मांजर तीन-चार किलोंचे. शिवाय गाय आपले सारे अंग चाटून काढीत नाही; मांजर ते दिवसातून कितीतरी वेळा करते. जे कातडीवर लावले ते पोटातही जाते. गोचिडांवरील अमिट्राझ हे औषध वेगळ्या वर्गातले असले तरी मांजराला तेही वर्ज्य आहे. क्लोरपायरिफॉससारखी शेतीची सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे तर मांजराजवळ आणूच नयेत.

मांजराला चालणारी औषधे

सुदैवाने आज अशी औषधे उपलब्ध आहेत की जी पिसवेच्या आणि मांजराच्या शरीरातील भेदाचा लाभ घेतात.

फिप्रोनिल हे त्यांपैकी एक. कीटकाच्या मज्जातंतूंतील ज्या द्वारांवर ते काम करते, ती द्वारे त्याला अतिशय संवेदनशील असतात. सस्तन प्राण्यांची तितकी नसतात. मानेवर टाकलेले हे औषध कातडीच्या स्निग्धांशाबरोबर अंगभर पसरते आणि काही आठवडे टिकते. मात्र मांजराला मानवणारे हेच फिप्रोनिल सशाला प्राणघातक ठरते. प्रत्येक प्राण्याचे औषध निराळे, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

इमिडाक्लोप्रिड हे दुसरे. त्याची कार्यपद्धती तंबाखूतील निकोटिनसारखी आहे. पण निकोटिन कीटक आणि मांजर या दोघांनाही मारते, तर इमिडाक्लोप्रिड कीटकाच्या मज्जातंतूंना घट्ट चिकटते आणि सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना सैल. सेलामेक्टिन हे तिसरे. ते मातीतील सूक्ष्म जीवांपासून मिळणाऱ्या द्रव्यांच्या वर्गातले असून पिसवांखेरीज कानातील किडे आणि काही कृमी यांवरही चालते. याच वर्गातील आयव्हरमेक्टिन गुरांना इंजेक्शनाने देतात. पण त्या बाटलीतून अंदाजाने मांजराला औषध देणे धोक्याचे आहे. फ्लुरालानर हे अलीकडचे औषध अधिक काळ टिकते. ज्या मांजराला कधी झटके आले असतील त्याच्यासाठी ते वापरण्यापूर्वी पशुवैद्याला तसे सांगावे. निटेनपायराम ही पोटात द्यावयाची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, परंतु तिचा प्रभाव एक दिवसच टिकतो. तेव्हा अंगावर फारच पिसवा असतील तेव्हा सुरुवातीला तिचा उपयोग.

याखेरीज एक वर्ग पिसवेला मारण्याऐवजी तिची वाढच रोखणाऱ्या द्रव्यांचा आहे. कीटकाच्या शरीरात एक संप्रेरक असते. ते आहे तोवर तो बाल्यावस्थेत राहतो आणि ते नाहीसे झाले की प्रौढ होतो. १९६५ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातील कारेल स्लामा हे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी नेलेले ढेकणासारखे तांबडे कीटक तेथे प्रौढच होईनात. शोध घेता असे आढळले की त्यांच्या भांड्यांत घातलेला अमेरिकी कागद ज्या झाडाच्या लाकडापासून बनतो, त्यातच त्या संप्रेरकासारखे एक द्रव्य आहे. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही आजची औषधे याच तत्त्वावर काम करतात. त्यांच्यामुळे पिसवेची अंडी उबत नाहीत आणि अळ्यांची पुढची वाढ होत नाही. अशी संप्रेरके सस्तन प्राण्यांत नसतात, म्हणून योग्य प्रमाणात ती मांजराला अपाय करीत नाहीत. फिप्रोनिलबरोबर मेथोप्रीन मिसळलेली औषधे मिळतात, ती अंगावरील पाच हिस्से आणि खालचे पंचाण्णव हिस्से या दोहोंचा विचार करणारी असतात.

घरगुती उपायांविषयी

आपल्याकडे पिसवांवर नाना उपाय सांगितले जातात. त्यांतील काही निरुपयोगी आहेत आणि काही घातक. रॉकेल अंगाला लावले तर कातडी भाजते, आणि चाटताना ते फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. फिनेलमधील काही द्रव्ये मांजराचे यकृत मोडू शकत नाही. ती अंगाला तर लावू नयेतच, पण फिनेलने पुसलेली जमीन वाळेपर्यंत मांजराला तीवर चालूही देऊ नये. तंबाखूच्या पाण्यात निकोटिन असते. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. कापूर, डांबराच्या गोळ्या आणि सुगंधी तेले हीही त्याज्य होत. कडुलिंबाचे तेल वनस्पतीचे आहे म्हणून निरुपद्रवी, असे मानू नये. वर पाहिल्याप्रमाणे वनस्पतीज द्रव्ये पचविणे हाच मांजराचा दुबळा भाग आहे. एके काळी घरोघरी असलेल्या गॅमेक्झिन पावडरीतील बी.एच.सी. या द्रव्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. एखाद्या जुन्या घरात तिचा डबा उरलेला असेल तर तो कोणत्याही प्राण्यावर वापरू नये.

बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी हा घरगुती उपाय मात्र पूर्णपणे निर्धोक आहे. फणीत सापडलेली पिसू त्या पाण्यात टाकली की बुडून मरते. अगदी लहान पिलांसाठी आणि आजारी मांजरासाठी रोज असे विंचरणे हाच पहिला उपाय समजावा.

घरातील पंचाण्णव हिस्से

औषध लावूनही पिसवा पुन्हा दिसतात, तेव्हा लोक औषधाला नावे ठेवतात. बहुधा दोष औषधाचा नसतो. घरातील कोशांतून नव्या पिसवा रोज बाहेर पडत असतात, आणि कोश संपेपर्यंत त्या येतच राहतात. म्हणून उपचार निदान तीन महिने खंड न पाडता चालू ठेवावा लागतो, आणि घरातील सर्व मांजरांना व कुत्र्यांना एकाच वेळी, पण ज्याचे त्याचे औषध देऊन, करावा लागतो.

मांजर जेथे झोपते तेथील पोते, चादर किंवा गोधडी दर आठवड्यास कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. उन्हाने अळ्या मरतात, हे आपण वर पाहिलेच आहे. मध्य प्रदेशातील आणि विदर्भातील उन्हाळा या कामी आपला मोठा साहाय्यकर्ता होय. जमीन रोज झाडावी. खाटेखालचा, कणग्यांमागचा आणि कोपऱ्यांतील केर विशेष काळजीने काढावा आणि तो अंगणात न टाकता जाळावा किंवा दूर पुरावा. सारवलेल्या जमिनीतील भेगा बुजवाव्यात.

औषध घेण्यापूर्वी

औषध विकत घेताना पुढील प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर किंवा आतील पत्रकात शोधावीत. औषध मांजरासाठी आहे असे स्पष्ट लिहिले आहे काय? त्यातील द्रव्याचे नाव काय? परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ ही नावे असल्यास ते परत करावे. ते किती वयाच्या आणि किती वजनाच्या मांजरासाठी आहे? बहुतेक औषधे आठ आठवड्यांहून लहान पिलांना चालत नाहीत. गाभण किंवा पाजत्या मांजरीस ते चालते काय? आणि किती दिवसांनी पुन्हा लावावयाचे?

वजन अंदाजाने ठरवू नये. मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठीची कुपी आणून तिच्यातून मांजरापुरते थेंब काढणे ही काटकसर नव्हे. मानेवर लावावयाचे औषध डोक्याच्या मागे, जेथे मांजराची जीभ पोहोचत नाही तेथे, केस बाजूला सारून कातडीवर टाकावे. घरातील कुत्र्याला परमेथ्रिनचे औषध लावले असेल तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

अपघात झाल्यास

चुकून दुसऱ्या प्राण्याचे औषध मांजराला लागले तर वेळ दवडू नये. ते कापत नसेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने अंग धुवावे, पुसून उबेत ठेवावे आणि चाटू देऊ नये. ते कापत असेल किंवा झटके येत असतील तर सरळ पशुवैद्याकडे न्यावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये आणि तोंडात दूध-तेल ओतू नये. औषधाचे वेष्टन बरोबर न्यावे. त्यावरील नावामुळे उपचाराची दिशा लगेच ठरते. जबलपूरला १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००९ पासून ते नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. महाराष्ट्रात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आणि नागपूरचे १९५८ पासून चालू आहे. तालुक्याच्या गावी शासकीय पशुचिकित्सालयात विचारणा करावी. विषबाधा झालेली मांजरे वेळेवर उपचार मिळाल्यास पुष्कळदा दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतात.

कोणतेही द्रव्य स्वतः औषध नसते आणि विषही नसते. कोणाला, किती आणि कशासाठी दिले, यावरून ते ठरते. गोठ्यातील बाटली गाईसाठी औषध आहे आणि ती गोठ्यातच राहिली पाहिजे. मांजरासाठी त्याचे स्वतःचे औषध, बारीक फणी, झाडलेली जमीन आणि तीन महिन्यांची चिकाटी एवढे पुरेसे आहे.